रडलेली घंटा आणि इनासमामा

सकाळची घंटा वाजवायच्या आधी इनासमामा चपला काढून पडवीत जायचे. तिथे चर्चच्या दाराशेजारी दगडी ओट्यावर एक मोठी, जुनी, तडा गेलेली घंटा ठेवलेली आहे. तिच्यावर ते उजवा तळहात ठेवायचे, डोळे मिटायचे आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणायचे. मग मिशीवरून हात फिरवून घंटाघराकडे जायचे आणि तिथली लहान घंटा वाजवायचे. आमच्याकडे पाऊस सुरू झाला की चार महिने थांबत नाही. तेव्हासुद्धा डोक्यावर इरलं घेऊन ते आधी त्या जुन्या घंटेकडे जायचे. मी लहानपणापासून हे बघत आले. आम्हा पोरींना वाटायचं, ही लॅटिनमधली कसली तरी खास प्रार्थना असणार. विचारायची छाती कुणाची नव्हती. माझी तर नव्हतीच.

आमचं गाव आजऱ्याहून चंदगडकडे जाताना लागतं. काजूची झाडं, भाताची खाचरं आणि चढावर लाल चिऱ्यांचं चर्च. चर्चभोवती दोन वस्त्या आहेत. वरच्या आळीतले लोक फार पूर्वी घाटाखालून आले, ते घरात कोकणी बोलतात. खालच्या वाडीतले आम्ही इथलेच. मोठ्या फादरांच्या वेळी आमचे आजे-पणजे ख्रिस्ती झाले. मोठे फादर म्हणजे चर्च बांधणारे पहिले पाद्री. त्यांचं खरं नाव कबरीवरच्या दगडावर आहे, पण तोंडात कुणाच्या नाही. सगळे मोठे फादरच म्हणतात.

इनासमामा वरच्या आळीतले. चर्चची घंटा वाजवणं, मेणबत्त्या लावणं, मिस्सेची, म्हणजे वेदीपुढच्या उपासनेची, तयारी करणं हे काम त्यांच्या बापाकडे होतं, मग त्यांच्याकडे आलं. अंगाने सडपातळ, पण मनगट जाड. आवाज असा की पडवीत बोलले तर वाडीत ऐकू जावा. लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायचे, "घंटा सांभाळू का बायकू सांभाळू? दोन्ही बी टायमावर बोंबलत्यात."

ती ओट्यावरची घंटा साधी नव्हती. मोठे फादर वारले त्या दिवशी, त्यांच्यासाठी वाजवत असताना, ती आपोआप फुटली असं सगळा गाव मानतो. फादरांच्या दुःखाने घंटा रडली, आणि रडता रडता तिचं काळीज फाटलं. म्हणून तिला रडलेली घंटा म्हणतात. आया आपल्या पोरांचं कपाळ तिला टेकवतात. उशिरा बोलणाऱ्या मुलाला तर आणतातच. केवळ आमचेच लोक नव्हे, बाजारातले किराणा दुकानवाले लिंगायत अप्पा आपल्या बोबड्या नातवाला घेऊन आले होते. येताना हार आणला होता. आमच्याकडे घंटेला हार घालत नाहीत, पण इनासमामांनी घालू दिला. अप्पा म्हणाले, "तुमच्या हातात रडली म्हणं ती. तुमी भाग्यवान."  हार सुकेपर्यंत दोन दिवस इनासमामांनी घंटेकडे नीट बघितलं नाही, एवढं मला आठवतं.

मी चौथीपर्यंत शिकले. पाचवी दुसऱ्या गावात होती आणि आई आजारी पडली. पण अक्षर माझं चांगलं होतं. पुढे मी काजूच्या शेडमध्ये कामाला लागले आणि दुपारनंतर चर्च झाडायचं काम मिळालं. वेदीवरची कापडं धुवायची, इस्त्री करायची. माणसांशी बोलावं लागत नाही म्हणून मला ते काम आवडायचं. इनासमामांशीसुद्धा पहिली दोन वर्षं मी फक्त मान हलवूनच बोलले. ते वैतागायचे. "लुसे, तुला देवानं मान दिली ती हालवायला, पर जीभ कशाला दिली? काजूचा गर चाटायला?"

त्यांच्याकडून मी घंटा कशी वाजवायची ते बघितलं. आमच्याकडे माणूस गेलं की पेटी घरातून निघाल्यापासून सिमेट्रीत उतरेपर्यंत घंटा वाजते. भरभर नाही. एक ठोका, मग मनातल्या मनात एक 'हे आमच्या स्वर्गातील बापा' पूर्ण म्हणायचं, मग दुसरा ठोका. घर लांब असेल तर दोन-दोन तास. दोर घंटेच्या आतल्या लोलकाला बांधलेला असतो. इनासमामा दोर ओढायचे आणि लगेच बोटं मोकळी करायचे. दोर हातातून उडून वर जायचा. दर वेळी ते मला सांगायचे, जणू मी विचारलंच आहे. "वढायची अन् सोडायची. धरून ठिवायची न्हाय. लोलक चिकटून ऱ्हायला तर घंटेला दम घ्यायला मिळत न्हाय. दम घुसमटला की कुणीबी फुटतंय."

दोन हजार सालानंतर आमच्याकडे वसईकडचे एक तरुण फादर आले. चांगला माणूस. मोटारसायकलवरून फिरायचे, वाडीत कुणाच्याही चुलीपुढे बसून चहा प्यायचे. चर्चची पंचाहत्तरी आली होती, तर त्यांनी ठरवलं की चर्चच्या इतिहासाचं पुस्तक काढायचं. जुन्या वह्या-रजिस्टरं वाळवीने खाल्लेली. सगळं ठाऊक असलेला माणूस एकच उरला होता. फादर टेपरेकॉर्डर घेऊन इनासमामांकडे गेले. इनासमामांनी त्या डबड्याकडे बघितलं आणि तोंड मिटलं ते मिटलंच. शेवटी म्हणाले, "यंत्रापुढं माझी जीभ वळत न्हाय. ती लुसी हाय न्हवं, झाडणारी? तिला बसवा. ती मधी बोलत न्हाय."

असं ते काम माझ्याकडे आलं. फादरांनी मला शंभर पानी वही आणि दोन पेन दिले. रोज दुपारी चर्च झाडून झालं की घंटाघराच्या पायरीवर आम्ही बसायचो. इनासमामांना मोतीबिंदू झाला होता, जवळचं दिसत नव्हतं. पण जुनं सगळं समोर घडतंय असं सांगायचे. मोठे फादर घाट चढून चालत कसे आले, पहिली मिस्सा एका शेतकऱ्याच्या खळ्यावर कशी झाली, भात मळणारी बैलं तशीच उभी होती. घंटा घाटातून बैलगाडीने येताना गाडी चिखलात रुतली आणि तीन दिवस घंटा फणसाच्या झाडाखाली पडून होती. एका गुराख्याने काठी मारून बघितली, तर गुरं उधळून पार दुसऱ्या गावात गेली. बायकांनी नदीवरून वाळू आणली. मिस्सा झाली की प्रत्येकीने एक पाटी. "वरच्या आळीची पाटी येगळ्या ढिगावर, खालच्या वाडीची येगळ्या ढिगावर," इनासमामा म्हणाले. "भिंतीत गेल्यावर मात्र कुठली कुणाची कळंना."

मी हे लिहिताना थांबले. ते म्हणाले, "लिही की. खरं हाय ते."

खरं होतंच. माझ्या आजीने सांगितलेलं मला ठाऊक होतं. तेव्हा वरच्या आळीचे लोक पुढे बाकांवर बसायचे आणि आमचे लोक मागे दाराजवळ चटईवर. मोठ्या फादरांनी फार सांगून बघितलं. कुणी ऐकलं नाही. तापाच्या साथीत त्यांनी वाडीतल्या लोकांची शुश्रूषा स्वतःच्या हाताने केली होती. म्हणून ते वारले तेव्हा वाडीतले पुरुष अंगणात आले आणि म्हणाले, पेटीला आम्ही खांदा देणार. वरच्या आळीने सांगितलं, चालायचं नाही. पेटी आत, आणि अंगणात शिवीगाळ. त्याच वेळी घंटा फुटली. सगळे गप्प झाले. माझा आजा पुढे झाला, वरच्या आळीतला एक माणूस बाजूला सरला, आणि आजाने पेटीला खांदा दिला. आमच्या घरात देवाच्या गोष्टीनंतर हीच गोष्ट सांगायचे. घंटेनेच आम्हाला आत घेतलं.

एका दुपारी इनासमामांनी मला विचारलं, "घंटेचं लिवलंस?"

"तुम्ही सांगितलं कुठं अजून?"

 मग त्यांनी सांगितलं. मी ते त्यांच्याच शब्दांत लिहिते.

"तवा मी एकुणीस वर्साचा. बाबा आजारी, म्हणून घंटा माझ्याकडं. पेटी आता निघंल म्हणून सकाळधरनं वाजवत हुतो, पर पेटी निघंना, भांडणं मिटंनात. दुपार टळली. आई भाकरी घेऊन आली. म्हणाली, दोन घास खा. घंटा तर थांबवायची न्हाय. मग मी काय केलं? दोराचा येढा मनगटाला मारला अन् पायरीवर बसलो. अंग मागं टाकलं की ठोका पडायचा. एका हातानं भाकरी. मोप भूक लागलीती गं. दोर ताणलेला, लोलक आत चिकटलेला, त्याच्यावरच पुन्हा ठोका, पुन्हा ठोका. बाबानं हजारदा सांगितलंतं, धरून ठिवायची न्हाय. अन् मग मडकं फुटावं तसा आवाज झाला. मी दोर सोडून भाईर आलो. बगतो तर समदं अंगण गुडघ्यावर. एक म्हातारी वराडली, घंटा रडली! मी सांगणार हुतो, लुसे. देवाशपथ सांगणार हुतो. पर तोंडात घास हुता. गिळंस्तवर चमत्कार झालता."

मला हसू आलं, पण लगेच आवरलं. कारण ते रडत होते.

"त्येच म्हणता का तुम्ही रोज, हात ठेवून?"

"दुसरं काय? 'चुकलं माझं.' येवढंच. पाच फादरांना कबुलीत सांगितलं. पाची जणांनी सांगितलं, देवानं माफ केलं, आता गप ऱ्हा. देवाचं काय, त्याला पैल्यापास्नं ठावं हुतं. गावाला ठावं न्हाय. लोकं पोरांची टाळकी टेकवत्यात माझ्या भुकेला. लिही. हे पुस्तकात येऊ दे, म्हंजे मी मराया मोकळा."

मी पेन खाली ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना उलट बोलले. "मामा, माझ्या आजानं त्या दिवशी खांदा दिला. ते खोटं होईल."

"खोटं कसं हुईल? तुझ्या आजाला घंटेनं उचलून न्हेलं व्हय? आपल्या पायानं गेला त्यो. अन् त्यो वरच्या आळीचा सरला त्यो बी आपल्या पायानं सरला. समदं घंटेनं केलं म्हणशील, तर माणसांनी काय केलं?"

मी लिहिलं. दीड पान झालं. त्यांनी पुन्हा वाचून घेतलं, एक शब्द बदलला नाही.

आता माझी चूक सांगते. वही फादरांकडे द्यायच्या आदल्या दिवशी मी घरी बसून ती सगळी वाचली. आमची वाडी आता बाकांवर बसते. फेस्ताच्या, म्हणजे चर्चच्या सणाच्या, मिरवणुकीत क्रूस कधी वरची आळी धरते, कधी आम्ही. तरी लग्न जमवताना वाडीचं नाव निघालं की आवाज खाली येतो, हे सगळ्यांना माहीत आहे. मला वाटलं, घंटेची गोष्ट गेली तर आमच्या हातात काय राहील? कुणी तरी म्हणेल, भाकरीच्या तुकड्यावर आत आलेली माणसं. मी वहीच्या पिना सरळ केल्या, मधलं पान काढलं, पिना परत वाकवल्या. पान प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवून ट्रंकेत टाकलं. फादरांना काही कळलं नाही. वहीत घंटेचं नाही म्हणून त्यांनी गाव सांगतो ती गोष्ट पुस्तकात घातली. वर इनासमामांचा घंटेशेजारचा फोटो.

पुस्तक छापून आलं तेव्हा इनासमामा ते हातात घेऊन माझ्याकडे आले. "घंटेचं वाच."

मी पुस्तक उघडलं. छापलं होतं, 'तो दैवी प्रसंग आजही अंगावर शहारे आणतो.' मी वाचलं, "तेव्हा मी एकोणीस वर्षांचा. बाबा आजारी, म्हणून घंटा माझ्याकडे." सगळं दीड पान मला पाठ होतं. घासापर्यंत सगळं मी छापलेलं असल्यासारखं म्हटलं. ते मान डोलवत ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "भाषा बरी केलीया फादरनं." आणि त्यांनी पुस्तकाचं मुखपृष्ठ डोळ्यांना लावलं. त्या आठवड्यात त्यांनी जुन्या घंटेवर हात ठेवला नाही. सरळ घंटाघराकडे जायचे. चालणं हलकं झालं होतं. मी झाडू मारता मारता ते बघायची आणि मला जेवण जात नव्हतं.

पंचाहत्तरीच्या दिवशी मांडव घातला होता. बिशप आले होते, दोन्ही वस्त्या, बाजारातले लोक, लिंगायत अप्पा आणि त्यांचा तो नातू. तो आता कॉलेजात होता आणि घडाघडा बोलत होता. फादरांनी इनासमामांना स्टेजवर बोलावलं. कोल्हापुरी फेटा बांधला, शाल दिली, नारळ दिला. इनासमामा हसत होते. त्यांना वाटत होतं, गावाने सगळं वाचलंय आणि तरी फेटा बांधलाय. मग फादर माईकवर म्हणाले, "आपली घंटा ज्या दिवशी मोठ्या फादरांसाठी रडली, त्या चमत्काराचा हा शेवटचा जिवंत साक्षीदार!"

मी मागे, दाराजवळ, जिथे पूर्वी चटया असायच्या तिथे उभी होते. त्यांचं हसणं थांबलेलं मला तिथून दिसलं. त्यांनी हात वर केला, माईककडे वळले. तेवढ्यात मंडळाच्या एका उत्साही माणसाने त्यांच्या तोंडात पेढा कोंबला. टाळ्या. बँडवाल्यांना वाटलं कार्यक्रम संपला, त्यांनी बँड सुरू केला. पेढा गिळून होईपर्यंत दुसऱ्या माणसाला फेटा बांधत होते. इनासमामा फेट्यासकट तसेच उभे. त्यांना लांबचं थोडं दिसायचं. ते माझ्याकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी मी घंटाघराशी गेले तर ते पायरीवर बसले होते. मी जवळ उभी राहिले. ते म्हणाले, "फादरनं काढलं का तू?"

मी मान हलवली नाही. "मी," म्हटलं.

"तवा माझ्या तोंडात भाकरी हुती. काल पेढा हुता. तुझ्या तोंडात काय हुतं गं?"

 त्या दिवसापासून ते माझ्याशी बोलले नाहीत. आणि रोज सकाळी परत जुन्या घंटेवर हात ठेवायला लागले. पूर्वीपेक्षा जास्त वेळ.

त्या पावसाळ्यात ते अंथरुणाला खिळले. पाय सुजले, दम लागायचा. शेजारची रेजिनमाय त्यांना पेज द्यायची. रेजिनमाय वरच्या आळीतली, ऐंशीच्या घरातली, तोंडाने तिखट. मोठे फादर वारले तेव्हा ती नवी सून होती. मी आठ दिवस त्यांच्या दारावरून येत-जात राहिले. नवव्या दिवशी ट्रंक उघडली, पान घेतलं आणि आत गेले.

रेजिनमाय पेज भरवत होती. इनासमामांनी मला बघून तोंड भिंतीकडे केलं. मी म्हटलं, "मामा, मी वाचते."  "माय, तुम्ही पण ऐका." आणि मी ते दीड पान वाचलं. माणसांपुढे मोठ्याने वाचलेलं माझं ते पहिलंच. घासापर्यंत मी पूर्ण वाचलं.

 मग रेजिनमायने वाटी खाली ठेवली आणि ती हसायला लागली. बोळक्या तोंडाने, पोट धरून.

"आता काय सांगतीया ही! तुझ्या मिशीला भाकरीचा चुरा लागलावता की रे इनासा. अन् मनगटाला दोर तसाच. समद्या अंगणानं बघितलं."

इनासमामांनी मान वळवली. "काय म्हणालीस?"

"ठावं हुतं म्हणते. माझ्या सासऱ्याला ठावं हुतं, त्येच तर बाजूला सरलं. घरी येऊन म्हणालं, पोरानं घंटा फोडली, पर बरं झालं फोडली. सकाळधरनं भांडून समद्यांची तोंडं दुखत हुती. थांबायचं कसं, त्येच कुणाला सुदरत न्हवतं. म्हातारी वराडली चमत्कार, समद्यांनी म्हटलं व्हय चमत्कार. वाडीच्या म्हाताऱ्यांना बी ठावं हुतं." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुझ्या आजाला बी. त्यो तर जवळच हुता."

"अन् साठ वर्सं मला कुणी सांगितलं न्हाय?" इनासमामांचा तो मोठा आवाज परत आला होता.

"तू तरी कुठं सांगितलंस? आमाला वाटलं तुला आवडतंय. रोज हात लावतोस, मिरवतोस."

"मिरवतो? अगं मी माफी मागत हुतो!"

"कुणाची? घंटेची? तिला काय कान हायत?"

ते उठून बसायचा प्रयत्न करायला लागले. मी आधार दिला. दोघांच्याही डोळ्यांतून पाणी, आणि रेजिनमाय मधूनच फस्सकन हसत होती. शेवटी इनासमामाही हसले. हसताना दम लागला, खोकले, तरी हसले. मग मला म्हणाले, "लुसे, ह्ये बी लिही. ही काय म्हणाली ते समदं. तिच्या सासऱ्याचं बी लिही, त्यो सरला ते." आणि थोड्या वेळाने, डोळे मिटून, "म्हंजे समद्यांच्याच तोंडात घास हुता म्हणायचं."

मी घरी जाऊन लिहिलं. तीन पानं झाली. ती मी फादरांना नेऊन दिली आणि पान काढल्याचंही सांगितलं. मला वाटलं रागावतील. त्यांनी उभ्या उभ्या वाचलं, मग खुर्चीवर बसून पुन्हा वाचलं. पुढच्या रविवारी प्रवचनात त्यांनी ते सगळं सांगितलं. लोक हसले. एक-दोन म्हातारे मान खाली घालून हसले, त्यावरून मला कळलं की रेजिनमाय खोटं बोलली नव्हती. आमच्या वाडीचं काही गेलं नाही. उलट माझा थोरला भाऊ बाहेर आल्यावर म्हणाला, "म्हंजे आजा चमत्काराची वाट बघत थांबला न्हवता, गेला पुढं." आणि पाठ ताठ करून चालायला लागला. मुलांची कपाळं अजून त्या घंटेला टेकवतात. मी नको म्हणत नाही. अप्पांचा नातू बोलतोच आहे.

प्रवचन झालं त्या रविवारी दुपारी मी इनासमामांना सगळं सांगायला गेले. त्यांनी कोण हसलं, कोण नाही हसलं, एकेकाचं नाव विचारून घेतलं. मग म्हणाले, "माझ्या टायमाला घंटा तू वाजव." मी म्हटलं, बाई माणसाने वाजवलेली कुणी बघितली आहे का? "मग आता बघत्याल. येतंय तुला. वढायची अन्..."

"सोडायची," मी म्हटलं.

त्याच आठवड्यात ते गेले. घर वरच्या आळीच्या टोकाला, सिमेट्री वाडीच्या पलीकडे, म्हणजे चांगले दोन तास. मी चपला काढल्या, पडवीत जाऊन जुन्या घंटेवर क्षणभर हात ठेवला. काही म्हटलं नाही. मग घंटाघरात आले.  ओढलं, सोडलं, दोर उडून वर गेला. मनात एक 'आमच्या बापा' म्हटलं. पुन्हा ओढलं. खालून पेटी चालली होती. पुढे वरच्या आळीतले दोन, मागे वाडीतले दोन, मग बदलून उलट. चढावरून सगळं दिसत होतं. सगळे वर बघत होते की घंटा कोण वाजवतंय, आणि मला लाज वाटली नाही.

तासाभराने पायरीवर काठीचा आवाज आला. रेजिनमाय. तिला सिमेट्रीपर्यंत चालवत नव्हतं. पदराखालून तिने फडक्यात बांधलेली भाकरी काढली आणि माझ्यापासून लांब, वरच्या पायरीवर ठेवली.

"बघ, हितं ठिवलीया. पर आधी घंटा."

मी मान हलवली, आणि दोर ओढला, आणि सोडला.